एकदांडीचे माहेर

गेल्या श्रावणातली गोष्ट. दोन दिवसांची सुट्टी जोडून आली म्हणून आजोळी गेलो होतो. आजोळ वाशीम जिल्ह्याच्या मानोरा भागात, पोहरादेवीपासून फार लांब नाही. मामांचे शेत गावाच्या टोकाला, आणि शेताला लागून बंजाऱ्यांचा तांडा. सोयाबीन गुडघ्याच्या वर आले होते आणि मामी म्हशीसाठी धुऱ्यावरचे गवत कापीत होत्या. खडूखेरीज दुसरे हत्यार हाती न धरलेल्या मराठीच्या प्राध्यापकाने अशा वेळी बाजूला उभे राहून निसर्गाचे कौतुक करावे, हेच उत्तम. पण मला हुक्की आली. मामींच्या हातातला विळा घेतला आणि चौथ्या-पाचव्या मुठीलाच गवताऐवजी स्वतःचे बोट कापून घेतले.

रक्त थांबेना. मामी चिंधी शोधू लागल्या. तेवढ्यात तांड्याच्या वाटेने येणारी एक म्हातारी काही न बोलता खाली वाकली, धुऱ्यावरची चार-सहा पाने ओरबाडली, तळहातावर खसखसून चोळली आणि तो हिरवा रस माझ्या बोटावर पिळला. झोंबले खरे, पण थोड्या वेळाने रक्त थांबले. ही म्हातारी ऐंशीच्या घरातली. बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत आईला ‘याडी’ म्हणतात. तांडा तिला याडी म्हणतो म्हणून गावही याडी म्हणते. आणि मी गावच्या लेकीचा मुलगा, म्हणून साऱ्या गावाचा, आणि ओघाने तांड्याचाही, भाचा.

“हे कोणते पान ग, याडी?”

“कंबरमोडी. घावावर याच्यासारखं दुसरं नाही, भाचेबुवा.”

आमच्या पेशाची एक खोड म्हणजे खिशातली वही. विद्यार्थ्यांकडून वऱ्हाडी शब्दांच्या याद्या करून घेता घेता मलाच तो नाद लागला आहे. डाव्या हाताचे बोट वर धरून मी उजव्या हाताने लिहिले: ‘कंबरमोडी. इतरत्र एकदांडी, दगडीपाला. जखमेवर रस. अस्सल देशी उपाय.’

परत आल्यावर कॉलेजातील वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांना ती वही मोठ्या अभिमानाने दाखवली. त्यांनी शेवटच्या ओळीतले ‘अस्सल देशी’ हे दोन शब्द लाल पेन्सिलीने खोडले आणि म्हणाले, “प्राध्यापकमहाशय, तुमच्या ह्या एकदांडीचे माहेर उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेत आहे.”

मला ते पटेना. लांब दांडीवर एकच पिवळेपांढरे फूल धरणारी ही वनस्पती दगडाच्या फटीत, रेल्वेच्या रुळाकडेला, शाळेच्या मैदानात कुठेही उगवते. शाळकरी पोरांच्या गुडघ्यांवर तिचा रस पिळलेला मी लहानपणापासून पाहिला आहे. आमच्याकडच्या शेतकऱ्याला विचारा, तो म्हणेल ही बापजाद्यांपासूनची. पण कोलंबस १४९२ साली त्या बाजूला पोचण्यापूर्वी ती आपल्याकडे नव्हती; तेव्हा चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत तिला जागा असणे शक्यच नाही. म्हणजे ‘पूर्वजांनी लिहून ठेवले आहे’ असे तिच्याबाबत म्हणता येत नाही. कुणीतरी कुठल्याशा धुऱ्यावर ती जखमेला लावून पाहिली, गुण आला, शेजारणीला सांगितले, एवढाच तिचा ग्रंथाधार. अलीकडे प्रयोगशाळांतून उंदरांच्या जखमांवर तिचे प्रयोग झाले आणि जखम भरून यायला तिची मदत होते असे दिसले. तिच्या माहेरकडे, ग्वाटेमालासारख्या देशातही, लोक तिचा औषधी उपयोग करतात. दोन्हीकडच्या आयाबायांची गाठभेट कधी झालेली नाही, हे निराळे सांगायला नको.

सहकाऱ्यांनी मग मला आणखी दोन-चार धक्के दिले. पपई तिकडची, पेरू तिकडचा. सीताफळ आणि रामफळ हीसुद्धा तिकडचीच! आमच्या जिल्ह्यातल्या माळांवर, पडक्या गढ्यांवर सीताफळीची झुडपे अशी माजलेली असतात की वनवासात सीतामाईने ती स्वतः लावली असावीत. जुन्या शिल्पांत सीताफळ दिसते असे म्हणणारे विद्वान आहेत, नाही असे नाही. पण वनस्पतिशास्त्राचा कौल अमेरिकेकडे आणि वेस्ट इंडीजच्या बेटांकडे पडतो. परकी पाहुणी आली, तिला आपण सीतेचे नाव दिले, तिच्या बहिणीला रामाचे दिले, आणि दोघी घरच्या झाल्या. भाषेच्या माणसाला ह्याहून मौजेची गोष्ट कोणती?

आमचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधी इंग्रजी अमदानीत ‘बाशीम’ नावाचा जिल्हा होता, तो १९०५ साली मोडला. पण गाव म्हणाल तर वाकाटकांच्या राजधानीचे. जुने नाव वत्सगुल्म. राजशेखराने काव्यपुरुषाचे लग्न साहित्यविद्येशी ह्याच गावी लावले आहे, त्यामुळे मराठीच्या प्राध्यापकाला ह्या गावाचा थोडा गर्व असला तर वाचकांनी क्षमा करावी. ‘गुल्म’ म्हणजे झुडूप, हे मात्र इतकी वर्षे शिकवूनही माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. आमच्या गावाच्या नावातच झुडूप आहे! आणि दुसरा एक योगायोग पाहा. वाशीमच्या पद्मतीर्थाची कथा अशी सांगतात की, वासुकी नावाच्या राजाला कुष्ठ झाले होते, ते इथल्या पाण्याने गेले. कारंजाची कथा अशी की, करंज नावाच्या ऋषींना दुर्धर व्याधी जडली, त्यांनी अंबेला आळवले, तिने त्यांच्यासाठी तळे निर्माण केले आणि त्यात स्नान करून ते बरे झाले. एका जिल्ह्यातली दोन मोठी गावे आणि दोघांच्याही मुळाशी एक आजारी माणूस. करंजाचे तेल आमच्याकडे खरजेला आणि नायट्याला लावतात. ऋषी आधी की झाड आधी, ह्या वादात मी पडत नाही.

त्या श्रावणात मी दोन दिवसांचे चार दिवस केले आणि याडीच्या मागे वही घेऊन हिंडलो. ती पुढे, काठी टेकीत; मी मागे, चिखलात चपला सोडीत. माझा मूळ हेतू नावे टिपण्याचा होता आणि नावांनी मला निराश केले नाही. मुरुडशेंगच घ्या. पीळ घातलेल्या सुतळीसारखी शेंग. तिचा उपयोग मुरड्यावर, पोटात पीळ पडतो त्यावर. बाळाला घुटी उगाळून देणाऱ्या घरांत ती अजूनही हळकुंड, वेखंड, जायफळ, हिरडा यांच्या शेजारी डबीत असते. पीळ पडलेल्या शेंगेने पोटाचा पीळ जावा, ही कल्पना भाबडी वाटेल, पण युरोपातही शेकडो वर्षे लोक असेच मानीत: वनस्पतीच्या रूपावरच देवाने तिचा उपयोग लिहून ठेवलेला असतो. मला वाटते, हे गुणाचे कारण नसून आठवणीची युक्ती असावी. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी औषध शेंगेच्या आकारात लिहून ठेवले.

कळलावीचे नाव तर दुधारी आहे. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले येतात ती. घरात आणली तर भांडण लागते अशी समजूत, म्हणून पुष्कळांना वाटते की ‘कळ लावणारी’ ती ही. पण सुईणी तिचा कंद अडलेल्या बाईच्या कळा वाढाव्यात म्हणून बाहेरून लावीत, ही ‘कळ’ वेगळी. कंद अतिशय विषारी. त्यातील कोल्चिसीन थोड्या प्रमाणातही जिवावर बेतते. याडीने ते झुडूप मला काठीने लांबूनच दाखवले. “हिच्या वाटे जायचं नाही. माह्या सासूनं दाखवलं, मी तुमाले दाखवते. वापरलं मातर कोनीच नाही.” न वापरण्यासाठी ओळखून ठेवायचे, अशीही विद्या असते हे मला नवे होते.

आणि बिब्बा! चांगल्या कामात बिब्बा घालणारे लोक आपल्या परिचयाचे असतात, पण खरा बिब्बा पाहिलेले वाचक आता थोडे असतील. आंब्या-काजूच्या कुळातले हे झाड. त्याच्या काळ्या बियांतला चीक असा पक्का की धोबी पूर्वी कपड्यांवर त्याने खुणा करीत, आणि असा जहाल की अंगाला लागला तर फोड उठतात. ‘बिब्बा उतला’ म्हणतात तो हाच प्रकार. गोडंबी मात्र ह्याच बिब्ब्याच्या पोटातली, बाळंतिणीच्या लाडवात धावड्याच्या डिंकाबरोबर मानाने बसणारी. पायात काटा मोडला की याडीच्या पिढीतले लोक त्या जागी बिब्ब्याचा चटका देत. मी विचारले, अजून देता का? ती म्हणाली, “पोरायचं कातडं आता नाजूक झालं.”

याद्या पुष्कळ झाल्या. जंतांवर पळसपापडी, हगवणीवर कुड्याची साल, खोकल्यावर अडुळसा, सुजेवर निर्गुडी, गुडघ्यावर तेल लावून शेकलेले रुईचे पान. अडुळशाबद्दल एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. खोकल्याच्या पुष्कळ बाटल्यांवर ‘ब्रोमहेक्झिन’ असे नाव छापलेले असते. ते औषध अडुळशातील एका द्रव्यावरून बेतून तयार केलेले आहे. बाटली विकत घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

एकदांडीच्या माहेराची चौकशी करायची म्हणून मी परतल्यावर कॅरिबियन बेटांविषयी मिळेल ते वाचू लागलो. आम्हाला वेस्ट इंडीज ठाऊक ते क्रिकेटमुळे. पण त्या बेटांवरचे घरगुती वैद्यक वाचताना मला पदोपदी आजोळ आठवू लागले. तिथले मूळचे ताइनो लोक युरोपियनांच्या येण्यानंतर रोगराईने आणि जुलमाने जवळजवळ नाहीसे झाले. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी उरलेल्यांकडून काही वनस्पती शिकून घेतल्या, काही आपल्या आठवणीतून जुळवल्या. उसाच्या मळ्यावर आजारी पडलेल्या गुलामाकडे पाहायला धन्याच्या डॉक्टरला सवड कुठली? मग ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज त्रिनिदादला लागले आणि १९१७ सालापर्यंत बिहार-अयोध्येकडचे लाखाहून अधिक लोक करारावर मजुरीला तिकडे गेले. त्यांच्याबरोबर इकडची हळद, तुळस, कडुनिंब आणि त्यांची नावेही गेली. त्रिनिदादमध्ये हळदीला आजही ‘हरदी’ आणि कारल्याला ‘करैली’ म्हणतात. त्याच कारल्याच्या वेलीचा काढा जमैकात ‘सेरसी’ नावाने घरोघर पितात. आपली पानफुटी मूळची मादागास्करची. आपल्याकडे तिची पाने मूतखड्यावर खातात. त्रिनिदादमध्ये तिला ‘वंडर ऑफ द वर्ल्ड’ असे दिमाखदार नाव आहे, तर जमैकात ‘लीफ ऑफ लाइफ’. पानाच्या कडेला नवे रोप फुटताना पाहून आपल्याला साधे ‘पानफुटी’ सुचले, त्यांना चमत्कार सुचला. स्वभाव ज्याचा त्याचा.

पण सगळ्यांत मनात राहिली ती सदाफुलीची हकीकत. हीही मादागास्करची. वाशीममध्ये हिला कुणी पाणीसुद्धा घालीत नाही, तरी बाराही महिने फुलते. जमैकात हिच्या पानांचा चहा मधुमेहावर पीत असत. १९५२ साली जमैकातील एका माणसाने तिची पंचवीस पाने पाकिटात घालून कॅनडातील डॉक्टर क्लार्क नोबल यांच्याकडे पाठवली. त्यांनी ती आपले संशोधक बंधू रॉबर्ट नोबल यांच्या हवाली केली. रक्तातील साखर त्या अर्काने काही उतरली नाही. पण अर्क टोचलेले उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले, आणि शोध घेता असे दिसले की त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशीच घटल्या होत्या. दुसरा एखादा असता तर ‘गुण नाही’ असा शेरा मारून त्याने पाने टाकून दिली असती. रॉबर्ट नोबल यांनी विचार केला: ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्यावर हे विष उपयोगी का पडू नये? चार्ल्स बिअर ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या साहाय्याने १९५८ सालापर्यंत त्यांनी त्यातले द्रव्य वेगळे केले. तेच व्हिन्ब्लास्टीन. त्याची बहीण व्हिन्क्रिस्टीन, हीही सदाफुलीचीच, आजही मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर दिली जाते.

म्हणजे जमैकातल्या लोकांचे चुकले की बरोबर होते? मधुमेहाबाबत त्या उंदरांनी तरी त्यांना साथ दिली नाही. पण ‘ह्या पानात काही तरी आहे’ हे त्यांना कळले होते आणि ते फार मोठे कळणे होते. उलट बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या शहरांतून साखर उतरावी म्हणून सदाफुलीची फुले चघळणारे लोक मी पाहतो. ज्या वनस्पतीचे द्रव्य रुग्णालयात थेंब मोजून टोचतात, ती अंगणातून खुडून रोज खाणे हा धीटपणा आहे. गुळवेलीचे तसेच झाले. कोरोनाच्या साथीत शहरांत घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला. महिनोन्‌महिने. २०२० सालच्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केले. वेल दुसरीच कुठली असेल, असा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता. वाद तज्ज्ञांचा आहे. मी याडीला सहज विचारले, गुळवेल किती दिवस देतेस? ती माझ्याकडे वेड्यासारखी पाहू लागली. “तापाले देते. तीन दिवस. मंग ताप जाते, नाही तं मानूस दवाखान्यात जाते. महिनाभर कायले?”

आता जे सांगणार आहे ते टाळता आले असते तर टाळले असते. पण याडीवर लिहायचे आणि हे लिहायचे नाही, हे बरे नव्हे.

१९८८ सालचा पावसाळा. मी नऊ वर्षांचा, मामांचा थोरला मुलगा अकरा वर्षांचा. आम्ही दोघे ओसरीवर खालीच अंथरूण टाकून झोपलो होतो. मध्यरात्रीनंतर तो पोट धरून उठला. रात्री मक्याची कणसे खाल्ली होती; सगळ्यांना वाटले, बाधली. मामांनी तांड्यावरून याडीला बोलावले. तिने पोट चोळले, ओवा दिला. थोड्या वेळाने तो म्हणाला, डोळे उघडत नाहीत. जीभ जड झाली. तेव्हा कंदील घेऊन कुणी अंथरूण झटकले आणि कोपऱ्यातून मण्यार निघाली. मण्यारीचा दंश मुंगी चावल्याइतकाही जाणवत नाही, सूज येत नाही, पोट दुखते आणि पापण्या मिटू लागतात, हे आज मला ठाऊक आहे. तेव्हा गावाला ठाऊक नव्हते. त्याला मारुतीच्या पारावर नेले. लिंबाचा पाला चावायला दिला. कडू लागला तर विष चढले नाही, अशी परीक्षा. झोपू नये म्हणून लोक त्याला हाका मारीत होते. कुणी मंत्र घालीत होते. याडीने कुठलेसे मूळ खणून आणले, उगाळून पाजले. मी पाराच्या कडेला मामींच्या पदराआड उभा होतो. उजाडता उजाडता त्याचा श्वास थांबला. तालुक्याचा दवाखाना बैलगाडीच्या वाटेने चार तासांवर होता, आणि पाराभोवतीच्या कुणीही गाडी जुंपा म्हटले नव्हते.

कॉलेजच्या वाचनालयात आता आकडे वाचायला मिळतात. २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ह्या चार सापांच्या विषावर चालणारी लस आपल्या देशात तयार होते. मण्यारीच्या विषाने श्वास थांबू लागला तर यंत्राने तो चालू ठेवावा लागतो. कुठल्याही मुळीने ते होत नाही.

मामा पुढे कित्येक वर्षे याडीशी बोलले नाहीत. ती मात्र त्या रात्रीनंतर बदलली, असे मामी सांगतात. वैदूगिरी तिने सोडली नाही. पण साप म्हटले की ती मुळीला हात लावीत नसे. आधी गाडी जुंपायला लावी, पुढे जीप, आता मोटरसायकल. माणूस मध्ये बसवून दोघांनी धरायचे, आणि वाटेत कुठल्या देवळापाशी थांबायचे नाही, अशी तिची सक्त ताकीद. साप, अडलेली बाई आणि पिवळे डोळे. ह्या तिघांना ती ओट्यावर बसूसुद्धा देत नाही. त्या चार दिवसांत एका संध्याकाळी तिने आपणहून तो विषय काढला. “पोट दुखते म्हनला, तं ओवा देल्ला मी त्याले,” एवढेच म्हणाली. सदतीस वर्षांनी. मला काय बोलावे सुचले नाही. मामी चहा घेऊन आल्या आणि विषय तिथेच राहिला.

कॅरिबियन बेटांवर १९८२ सालापासून ‘ट्रामिल’ नावाचे एक काम चालू आहे, ते वाचताना मला हीच म्हातारी दिसत होती. तिथले संशोधक गावोगाव जाऊन आयांना विचारतात, घरात अमुक दुखले तर पहिल्यांदा काय देता? शंभरातल्या किमान वीस घरांनी एकच वनस्पती सांगितली तर ती पुढच्या तपासाला घेतात. मग तीन ढीग करतात: वापरायला हरकत नाही ती, घातक आहे ती, आणि अजून तपासायला हवी ती. निष्कर्ष पुन्हा त्याच गावांत जाऊन लोकांच्या भाषेत सांगतात. आपल्याकडेही वैद्यकाचे ज्ञान संगणकात भरून ठेवण्याचे मोठे काम झाले. जखमेवरच्या हळदीच्या उपयोगाचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या पुढाकाराने त्याला आव्हान दिले गेले आणि १९९७ साली ते रद्द झाले. सगळ्या महाराष्ट्राला आनंद झाला. पण त्या लढाईत पुरावा लागला तो जुन्या ग्रंथांचा आणि लेखांचा. कंबरमोडीचा पुरावा आमच्या धुऱ्यावर आहे, आणि धुऱ्याची काय अवस्था आहे ते सांगतो.

सोयाबीन आल्यापासून आमच्या जिल्ह्यात निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर परवडत नाहीत. शेतकरी तणनाशक मारतो. पिकात मारतो आणि उरलेले धुऱ्यावर मारतो. त्याला दोष देणे सोपे आहे. त्याचा हिशेब मी मामांच्या वहीत पाहिला आहे आणि मला दोष देववत नाही. पण आघाडा, माका, कंबरमोडी, रिंगणी ही सगळी त्याच्या लेखी तणेच. परवा गणपतीत पत्रीची जुडी बाजारातून वीस रुपयांना आणली. तिच्यात आघाडा म्हणून काही दुसरेच घातलेले होते, आणि ते आमच्या घरात कुणाला ओळखता आले नाही. मी स्वतः याडीच्या चार दिवसांच्या शिकवणीमुळे ओळखले, हे सांगताना थोडी फुशारकी येते. सौभाग्यवतींनी विचारले, “मग खरा कुठे मिळेल?” तेव्हा फुशारकी उतरली.

सीताफळाबद्दलही एक सूचना, कारण ही मासिके घरातल्या बायामुली वाचतात. बियांची पूड उवांवर लावतात, हे खरे. पण ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. याडी ही पूड तेलात कालवून लावते, डोक्याला फडके घट्ट बांधते आणि धुताना पोरीला मान मागे टाकायला लावते. पुस्तकात कृती सापडते; मान मागे टाकायची हे सापडत नाही.

निघण्याच्या दिवशी तिच्या ओट्यावर बसून मी तिला सदाफुलीची सगळी हकीकत सांगितली. जमैका कुठे, हे तिला समजावताना जरा पंचाईत झाली, समुद्रापलीकडचा, उसाचा मुलूख, एवढे सांगितल्यावर ती म्हणाली, “म्हंजे तोडणीवाले लोक.” तांड्यातली पोरे ऊसतोडीला जातात, तिला तेवढे पुरले. पाकिटातली पंचवीस पाने, मेलेले उंदीर, लेकरांचे औषध, सगळे तिने लक्ष देऊन ऐकले. मग विचारले, “पानं पाठवली त्याचं नाव लिवलं हाय का कागदात?”

“आहे.”

“आन् ज्या बाया ते पानी करत व्हत्या, त्यायचं?”

नाही, असे मी सांगितले. ती काही बोलली नाही. कंबरेची पिशवी काढून तंबाखू चोळू लागली. मी वही चाळली. बेचाळीस वनस्पतींची नावे होती, उपयोग होता, कुठल्या धुऱ्यावर सापडते ते होते. सांगणाऱ्याच्या रकान्यात सगळीकडे मी एकच शब्द लिहिला होता: याडी.

“याडी, तुझे खरे नाव काय ग?” मी विचारले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

ती खळखळून हसली, दात नव्हतेच. नाव सांगितले, नवऱ्याचे सांगायला लाजली, ते शेजारच्या पोराने सांगितले. मी बेचाळीसही ठिकाणी लिहिले. ते इथे छापू का, असे विचारले तर नको म्हणाली. गाडीपाशी येऊन तिने माझ्या बोटाकडे पाहिले. जखम भरली होती, बारीक पांढरी रेघ उरली होती.